अमोल आणि कवडीमोल

जनगणनेचा गणक दारात उभा राहतो, हातातील तक्ता उघडतो आणि घरातील कर्त्या पुरुषाला एकेक प्रश्न विचारू लागतो. नाव, वय, शिक्षण, व्यवसाय. कर्ता पुरुष आपला हुद्दा जरा आवाज चढवूनच सांगतो. थोरला मुलगा कोणत्या वर्गात आहे, धाकटा शाळेत जाऊ लागला की नाही, हेही सांगून होते. मग गणक विचारतो, “आणि बाई काय करतात?” उत्तर तयारच असते : “ती काही करीत नाही, घरीच असते.”

हे उत्तर दिले जात असते त्या वेळी ती बाई स्वयंपाकघरात असते. एका हाताने तव्यावरची पोळी उलटीत असते, दुसऱ्या हाताने पायात घोटाळणाऱ्या मुलाला चुलीपासून दूर सारीत असते. आणि आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंनी पाणी तर मागितले नाही ना, म्हणून तिचा एक कान तिकडे लागलेला असतो. या उत्तरात कोणाचा दुष्टावा आहे असे नाही. पुष्कळदा तर ती बाई स्वतःच दारात येऊन हे उत्तर देते, आणि आपण काही खोटे सांगितले असे तिला वाटतही नाही.

श्रोतेहो, आजचे माझे भाषण या एका वाक्याविषयी आहे. हे वाक्य साधे असले, तरी त्याचे परिणाम साधे नाहीत. २०११ च्या जनगणनेत आपले मुख्य काम ‘घरकाम’ असे ज्यांनी सांगितले, अशा स्त्रियांची संख्या सुमारे सोळा कोटी होती. पुरुष होते अठ्ठावन्न लाखांच्या आसपास. या सोळा कोटींची गणना कोणत्या सदरात झाली? ‘काम न करणारे’ या सदरात. आधीच्या, म्हणजे २००१ च्या जनगणनेतही हाच प्रकार होता. त्या सदरात गृहिणींच्या शेजारी भिकारी आणि तुरुंगातील कैदीही येऊन बसले होते. २०१० मध्ये एका निकालपत्रात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या वर्गवारीवर स्पष्ट शब्दांत नापसंती व्यक्त केली. ज्या स्त्रीच्या जिवावर घर चालते तिला शिरगणतीने भिकाऱ्याच्या रांगेत बसवावे, ही गोष्ट न्यायासनालाही खटकावी इतकी विपरीत होती.

आपल्या भाषेकडे पाहिले तर या कामासाठी शब्दांची मुळीच वाण नाही. लेकराचे संगोपन असते, आजाऱ्याची शुश्रूषा असते, म्हाताऱ्या माणसांची उस्तवार असते, बाळंतिणीची निगा असते, आल्यागेल्याची सरबराई असते. आणि या सर्वांना सामावून घेणारा ‘सांभाळ’ हा शब्द तर असतोच. ज्या समाजाने एका प्रकारच्या श्रमासाठी इतके बारकावे असलेले शब्द घडविले, त्या समाजाला त्या श्रमाचे महत्त्व कळले नव्हते असे कसे म्हणावे? महत्त्व कळले होते. पण हिशेबाच्या वहीत त्यासाठी रकाना मात्र ठेवला गेला नाही. आपण या कामाला ‘अमोल’ म्हटले, आणि अमोल म्हणून त्याचे मोल करावयाचेच टाळले. माझे म्हणणे असे की, जे घरात अमोल म्हणून गौरविले जाते, तेच बाजारात गेल्यावर कवडीमोल ठरते. आणि या दोन गोष्टींचा परस्परांशी अत्यंत निकटचा संबंध आहे.

प्रथम हे काम किती आहे, ते पाहू. हे मोजण्याची एक सरळ पद्धत आहे. माणसाच्या दिवसाच्या चोवीस तासांची नोंद घ्यावयाची आणि कोणत्या कामात किती वेळ गेला हे पाहावयाचे. आपल्याकडे या पद्धतीचा एक लवकरचा प्रयोग १९७० नंतरच्या दशकात अर्थशास्त्रज्ञ देवकी जैन आणि मालिनी चंद यांनी राजस्थान व पश्चिम बंगालमधील काही खेड्यांत केला. ज्या स्त्रिया ‘काम न करणाऱ्या’ म्हणून नोंदल्या जात, त्यांच्यापैकी कित्येक जणी गुरांचे, सरपणाचे, शेतातील काम करीत असल्याचे त्यात दिसून आले. पुढे १९९८-९९ मध्ये सरकारने सहा राज्यांत अशी पाहणी केली. आणि सर्व देशाला व्यापणारी पहिली पाहणी २०१९ साली व दुसरी २०२४ साली झाली.

२०२४ च्या पाहणीचे आकडे असे आहेत. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी शंभरातील ऐंशीहून अधिक जणी घरातील बिनमोबदल्याचे काम करतात आणि त्यांना त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे लागतात. पुरुषांपैकी जेमतेम चौथा हिस्सा या कामाला हात लावतो, आणि जे लावतात त्यांची सरासरी ८८ मिनिटे भरते. मुलांची व आजाऱ्यांची देखभाल वेगळी मोजली आहे. पंधरा ते एकोणसाठ या वयातील ४१ टक्के स्त्रिया तीत दिवसाला १४० मिनिटे घालवितात, तर सुमारे २१ टक्के पुरुष ७४ मिनिटे. मिनिटांचे आकडे कानाला किरकोळ वाटतात, म्हणून मी त्यांचा वर्षाचा गुणाकार केला. २८९ मिनिटांचे वर्षाला सुमारे १,७५८ तास होतात. आठ तासांचा कामाचा दिवस धरला तर हे जवळजवळ २२० दिवस भरतात. रविवार, सणवार आणि रजा वजा जाता एखाद्या कचेरीतील माणूस वर्षातून जितके दिवस कामावर जातो, त्याच्या हे फार मागे नाही. म्हणजे ‘घरीच असते’ असे जिच्याविषयी सांगितले जाते, ती वस्तुतः जवळजवळ पूर्ण वेळेची एक नोकरी करीत असते. आणि ज्या स्त्रिया बाहेर नोकरी किंवा मजुरी करतात, त्यांच्या वाट्याला हे काम कामावरून परत आल्यानंतर येते.

या आकड्यांतही सर्व काही आलेले आहे असे नाही. घड्याळ एका वेळी एकच काम मोजू शकते. भात शिजत असताना मुलाचा पाढा ऐकणे, कपडे वाळत घालताना म्हाताऱ्या सासऱ्यांच्या औषधाची वेळ लक्षात ठेवणे, रात्री झोपेतही तापाने फणफणलेल्या पोराच्या श्वासाकडे अवधान असणे, या गोष्टी कोणत्या रकान्यात लिहावयाच्या? राखणीला बसलेल्या पहारेकऱ्याला चोर न आले तरी पगार मिळतो, कारण त्याचे जागे असणे हेच त्याचे काम असते. घरातील जागरणाला मात्र काम म्हणण्याची आपली अद्याप तयारी नाही.

हे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात का धरले जात नाहीत? इंग्लंडातील अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक मार्मिक उदाहरण दिले होते. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकामवालीशी विवाह केला, तर राष्ट्राचे उत्पन्न तेवढ्याने घटते. काम तेच, करणारी तीच, घरही तेच. फक्त पगार थांबला, म्हणून आकडा खाली आला. पिगूंना ही विसंगती दिसत होती. परंतु जे पैशाच्या मापाने मोजता येते तेवढ्यापुरतेच आपले शास्त्र मर्यादित ठेवावे, असे त्यांनी ठरविले. पुढे १९५३ साली संयुक्त राष्ट्रसंघाने राष्ट्रीय हिशेबाची जी पद्धती आखून दिली, तिनेही गृहिणीची घरच्यांसाठीची सेवा उत्पादनाच्या कुंपणाबाहेर ठेवली. ते कुंपण अद्याप तसेच आहे. आपल्या परसातील भाजी हिशेबात येऊ शकते; ती शिजवून वाढणे मात्र येत नाही.

आपल्याकडचे उदाहरण द्यावयाचे तर मुंबईच्या गिरणगावाचे देता येईल. कोकणातून आणि देशावरून आलेला गिरणी कामगार बिऱ्हाड गावी ठेवून मुंबईत एकटा राही. त्याच्या जेवणाची सोय कोण करी? चाळीतल्या एखाद्या खोलीत राहणारी खानावळवाली. पहाटे उठून ती दहा-पंधरा माणसांच्या भाकऱ्या थापी, डबे भरी, आणि पगाराच्या दिवशी पैसे घेई. या बाया सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’त त्यांना संघटित केले, बँकांकडून कर्जे मिळवून दिली, आणि मग जगाला त्यांचा उद्योग ‘उद्योग’ म्हणून दिसू लागला. आता असे पाहा : त्याच खानावळवालीने त्याच पिठाच्या, त्याच तव्यावर भाजलेल्या दोन भाकऱ्या आपल्या नवऱ्याच्या ताटात वाढल्या आणि दोन भाकऱ्या शेजारच्या कामगाराच्या डब्यात घातल्या. पहिल्या दोन भाकऱ्या भाजण्याचे श्रम हिशेबात नाहीत. दुसऱ्या दोन भाकऱ्यांचे आहेत. आणि गिरणीच्या मागावर निघणाऱ्या कापडाला या चारही भाकऱ्या सारख्याच लागत होत्या.

न्यायाच्या दृष्टीने एक पाऊल पुढे पडले ते २०१३ साली. त्या वर्षी जिनिव्हा येथे भरलेल्या कामगार-संख्याशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ‘काम’ या शब्दाची व्याख्या विस्तारली आणि घरच्यांसाठी केलेली बिनमोबदल्याची सेवा हेही काम होय, असे मान्य केले. म्हणजे आज शास्त्राच्या दृष्टीने गृहिणी काम करते हे सिद्ध आहे. त्या कामातून उत्पन्न होते, हे मात्र राष्ट्रीय हिशेबाला अद्याप मान्य नाही.

तथापि आपल्या देशात एक जागा अशी आहे, की जेथे गृहिणीच्या श्रमाचे मोल रुपये-आण्यांत करावेच लागते. ती जागा म्हणजे न्यायालय. आणि तो प्रसंग म्हणजे तिचा अपघाती मृत्यू. तिच्यामागे राहिलेल्या नवऱ्याला आणि मुलांना भरपाई द्यावयाची तर तिच्या कामाची किंमत ठरविण्यावाचून गत्यंतर नसते. जमशेदपूर येथे ३ मार्च १९८९ रोजी एका समारंभाच्या मांडवाला आग लागून अनेक स्त्रिया व मुले मरण पावली. त्या प्रकरणी भरपाईची रक्कम ठरविण्याचे काम माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्याकडे सोपविण्यात आले होते. गृहिणींच्या सेवेचे मोल प्रथम वर्षाला १२,००० रुपये धरले गेले. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते अपुरे ठरवून चौतीस ते एकोणसाठ या वयातील गृहिणींसाठी महिना ३,००० रुपये, आणि वयोवृद्ध स्त्रियांसाठी वर्षाला २०,००० रुपये धरले. आजीसुद्धा घराला काही देत असते, हे या निकालाने नोंदविले, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

पण मोल करावयाचे ते कोणत्या मापाने? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याला जोडलेल्या एका अनुसूचीत असे माप होते, की न कमावणाऱ्या पत्नीचे उत्पन्न कमावत्या पतीच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश समजावे. या मापाने काय होते ते पाहा. अभियंत्याच्या पत्नीने केलेली आमटी महाग, शिपायाच्या पत्नीने केलेली आमटी स्वस्त! दोघींची पहाट एकाच वेळी होते, दोघींची मुले सारखीच आजारी पडतात. पण एकीचे श्रम दुसरीपेक्षा पाचपट मोलाचे ठरतात, ते तिने काय केले यावरून नव्हे, तर तिचे लग्न कोणाशी झाले यावरून. अर्थशास्त्रज्ञांनी यापेक्षा बरी मापे सुचविली आहेत. एक माप असे : हीच बाई बाहेर काम करती तर तिला काय मिळाले असते? या मापात दोष असा, की डॉक्टर असलेल्या स्त्रीने घातलेली मुलाची आंघोळ मजूर स्त्रीने घातलेल्या आंघोळीपेक्षा महाग ठरते. दुसरे माप असे : हेच काम पैसे देऊन करवून घ्यावयाचे तर काय द्यावे लागेल? हे माप अधिक सरळ आहे. पण त्यातही एक फट आहे, आणि तिच्याकडे मी थोड्याच वेळात वळणार आहे.

२०२१ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने आणखी एका अपघाताच्या प्रकरणात २०१९ च्या वेळेच्या पाहणीतील आकडे निकालपत्रात नमूद केले, आणि गृहिणीचे उत्पन्न ठरविणे ही निव्वळ भरपाईची बाब नसून तिच्या श्रमाला मान्यता देण्याची बाब आहे, असा आशय मांडला. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच न्यायालयाने सांगितले, की गृहिणीचे उत्पन्न रोजंदारीवरील मजुराच्या किमान वेतनापेक्षा कमी धरता येणार नाही. न्यायालयांनी हे काम पुष्कळ सहृदयतेने केले आहे. तरीही मनात असा प्रश्न येतोच, की जिवंतपणी जिच्या कामाची किंमत शून्य, तिच्या कामाला मोल येण्यासाठी तिने मरावेच लागावे काय?

आता मघाच्या त्या फटीकडे वळू. गृहिणीचे काम बाजारभावाने मोजावे म्हटले, तर बाजारात या कामाचा भाव काय आहे? येथेच आपल्याला पगारी सांभाळाचा विचार करावा लागतो. मुले सांभाळणारी दाई, आजाऱ्याजवळ बसणारी बाई, धुणीभांडी करणारी मोलकरीण, अंगणवाडीची सेविका आणि तिची मदतनीस, खेड्यातील ‘आशा’, अशा लक्षावधी स्त्रिया हे काम मोबदला घेऊन करतात. तो मोबदला तुटपुंजा का? कारण हे काम ‘बायकांना येतेच’, त्याला शिक्षण लागत नाही, घरोघरी ते फुकट होतच असते, असा आपला समज. घरातील शून्यावरून बाजारातील भाव ठरतो, आणि मग त्या पडलेल्या भावाने घरातील श्रमाची किंमत काढली जाते. तराजूची दोन्ही पारडी अशी एकमेकांना खाली ओढीत असतात.

अंगणवाडीचेच उदाहरण घ्या. ज्यांच्यापर्यंत शाळा पोहोचत नाही त्यांच्या अंगणात शाळा न्यावी, ही कल्पना महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे प्रत्यक्षात आणली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. आज देशातील अंगणवाड्यांची संख्या तेरा-चौदा लाखांच्या घरात आहे. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास रुग्णालयाकडे पाठविणे, मातांना आहार-आरोग्याचे शिक्षण आणि बालशिक्षण, अशा सहा सेवांचा भार या सेविकांवर आहे. शिवाय सरकारी पाहण्या आणि नोंदवह्या आहेतच. असे असूनही त्यांना कामगार न म्हणता ‘मानद’ म्हटले गेले, आणि त्यांना मिळते त्याला वेतन न म्हणता ‘मानधन’. २०१८ च्या ऑक्टोबरपासून केंद्र सरकारने सेविकेचे मानधन महिना ४,५०० रुपये आणि मदतनिसाचे २,२५० रुपये ठरविले. राज्ये त्यात आपापली भर घालतात. मानधन हा शब्द किती सुंदर आहे! पण त्यातील मान पोट भरीत नाही, आणि धन तर त्याहूनही भरीत नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने या सेविका व मदतनिसांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क आहे असा निर्णय दिला. सत्तेचाळीस वर्षांनी का होईना, त्यांचे काम हे काम ठरले.

‘आशा’ कार्यकर्त्यांची गोष्ट याहून वेगळी नाही. २००५ साली सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानात त्यांची नेमणूक ‘स्वयंसेविका’ म्हणून झाली, आणि मोबदला कामागणिक ठरला. कोविडच्या साथीत त्या दारोदार हिंडल्या. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. गौरव योग्यच होता; परंतु गौरवपत्र हे वेतनपत्रकाची जागा घेऊ शकत नाही. घरकामगार स्त्रियांनी तर आपल्या हक्काची भाषा स्वतःच शोधली. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी संप केला, तेव्हा शहराला प्रथमच कळले, की आपली सकाळ कोणाच्या हातांवर उभी आहे. महाराष्ट्रात २००८ साली त्यांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. देशभरासाठी स्वतंत्र कायदा करता येईल काय, याचा विचार करण्यासाठी समिती नेमावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत केंद्र सरकारला सांगितले.

दुसऱ्याचे मूल सांभाळावयास निघालेल्या या बाईचे स्वतःचे मूल कोण सांभाळते? बहुधा तिची दहा-अकरा वर्षांची थोरली मुलगी. तिची शाळा सुटते, आणि आईचे कमी मोलाचे काम वारसा म्हणून तिच्याकडे येते. दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागी मातीत पडलेली मजुरांची लेकरे पाहिली आणि एका तंबूत त्यांच्यासाठी पाळणाघर काढले. त्यातूनच ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. अशा पाळणाघराने लेकरू धुळीतून वाचते, आईचा रोज बुडत नाही, आणि थोरली मुलगी शाळेत जाते. एका खर्चात तीन माणसांचा जन्म सावरतो. कोणत्याही कारखान्याला यापेक्षा चांगला नफा होत असेल, असे मला वाटत नाही.

या विचाराला एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो घेणारांत पुष्कळ सज्जन माणसे असतात. ते म्हणतात, “आईच्या मायेला किंमत लावता? उद्या ताटात वाढलेल्या भाताचे बिल द्याल!” या आक्षेपाचा मी आदर करतो. मायेला किंमत नाही, हे खरेच आहे. पण येथे किंमत मायेची नाही. मायेपोटी उचललेल्या ओझ्याची आहे. सैनिकाच्या देशप्रेमाचे मोल होत नाही, म्हणून त्याचा पगार बंद करा असे कोणी म्हणत नाही. वैद्याच्या करुणेचे मोल नाही, म्हणून त्याला दक्षिणा देऊ नये असेही नाही. मग एकट्या गृहिणीच्याच बाबतीत तिचे प्रेम तिच्या श्रमांविरुद्ध पुरावा म्हणून का उभे केले जावे?

मग पतीने पत्नीला पगार द्यावा काय? २०१२ साली केंद्रातील एका मंत्र्यांनी अशा स्वरूपाची कल्पना मांडली होती, आणि तिची पुष्कळ थट्टा झाली. मलाही तो मार्ग पटत नाही. त्याने पती हा धनी आणि पत्नी ही नोकर ठरते; आणि ज्या घरात दोन वेळची भ्रांत आहे, तेथे एका खिशातून दुसऱ्या खिशात घालावयाचे तरी काय? २०२३ साली तामिळनाडू सरकारने कुटुंब चालविणाऱ्या स्त्रियांना महिना १,००० रुपये देण्याची योजना सुरू केली आणि तिच्या नावात ‘हक्क’ या अर्थाचा शब्द घातला. दान नव्हे, हक्क, ही दृष्टी मोलाची आहे. परंतु रक्कम देऊन कामाचे तास कमी होत नाहीत. बाई पूर्वीइतकीच थकते. फक्त तिच्या हाती थोडे पैसे येतात.

मोल मोजावयाचे ते कशासाठी, हे त्यामुळे स्पष्ट असले पाहिजे. वाटणी करण्यासाठी मोजावयाचे. जे मोजले जात नाही ते काटकसरीच्या नावाखाली खुशाल घरावर ढकलता येते. रुग्णालयाने रोग्याला दोन दिवस आधी घरी पाठविले, तर रुग्णालयाच्या वहीत बचत दिसते. ते दोन दिवस घरातील कोणा स्त्रीने रात्री जागून भरून काढले, हे कोणत्याच वहीत दिसत नाही. पाळणाघर बंद केले की अंदाजपत्रकात बचत, आणि कोणा आईची नोकरी बुडीत. हिशेब मांडला गेला तर निदान असे म्हणता येईल, की ही बचत नव्हे. हा खर्च एकाच्या अंगावरून काढून दुसऱ्याच्या अंगावर टाकला आहे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा देताना सांगितले, की प्रसूतीपूर्वी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारनेच उचलला पाहिजे. १९२९ साली तो कायदा झाला. १९६१ साली देशाचा कायदा आला. आणि २०१७ साली रजा सव्वीस आठवड्यांची झाली, पन्नास वा अधिक माणसे काम करतात तेथे पाळणाघराची अट आली. परंतु शेतात राबणारी, घरोघर धुणी धुणारी, रस्त्यावर भाजी विकणारी जी बहुसंख्य स्त्री आहे, तिच्यापर्यंत ही सव्वीस आठवड्यांची सावली पोहोचलेली नाही. बाबासाहेबांचा मुद्दा मात्र तिलाही लागू पडतो : मूल जर राष्ट्राचे आहे, तर त्याला वाढविण्याचा भार एकट्या आईचा कसा?

आणि केवळ मुलांचाच प्रश्न नाही. २०११ च्या जनगणनेत साठीच्या वरची माणसे दहा कोटींहून अधिक होती, आणि त्यांचे प्रमाण वाढत आहे. पूर्वीच्या मोठ्या घरात आजीच्या उशाशी बसावयास सून नसली तर जाऊ असे, नणंद असे, एखादी विधवा आत्या असे. त्या आत्येच्या श्रमांची फेड कोणी केली नाही, हा आपल्या त्या एकत्र कुटुंबाचा न सांगितला जाणारा इतिहास आहे. आता घरे लहान झाली. मुलगी एका गावी, मुलगा दुसऱ्या देशी. ज्या फुकटच्या हातांवर आपण विसंबून होतो ते हात आता उरणार नाहीत. तेव्हा हे काम शिकविणे, त्याला योग्य वेतन देणे, पाळणाघरे आणि वृद्धांची देखभाल यांवर सार्वजनिक पैसा खर्च करणे, हे औदार्याचे नव्हे, साध्या शहाणपणाचे काम आहे.

शेवटी एक वाटणी अशी आहे, की तिला ना कायदा लागतो ना अंदाजपत्रक. ती घरातल्या घरात व्हावयाची असते. २८९ आणि ८८ या दोन आकड्यांमधील अंतर कोणतेही सरकार पुसू शकणार नाही. ते पुरुषांनाच पुसावे लागेल. आजारी वडिलांच्या उशाशी मुलाने बसावे, बाळाला बापाने न्हाऊ घालावे, जेवण झाल्यावर ताट उचलून ज्याने त्याने विसळावे, यात पुरुषार्थाला बाध येतो असे मानण्याचे दिवस गेले पाहिजेत. अमळनेर येथे शिकविणाऱ्या साने गुरुजींची मुलांच्या मनावर जी पकड बसली, ती काही नुसत्या शिकवण्याने नव्हे. वसतिगृहातील मुलांची सेवा ते आईच्या हातांनी करीत. सेवेचे काम बायकांच्या हातांनाच येते, हा समज त्यांच्यासारख्या पुरुषाने कधीच खोटा पाडला आहे.

जनगणनेचा गणक पुन्हा आपल्या दारात येईल. तो विचारील, “आणि बाई काय करतात?” त्याच्या तक्त्यात या उत्तराला योग्य रकाना असेल वा नसेल. पण निदान उत्तर देताना आपण क्षणभर थांबावे, आत स्वयंपाकघराकडे एकवार पाहावे, आणि “घरीच असते” असे न म्हणता जे खरे आहे ते सांगावे. ते सांगण्यापुरती उसंत तिला मिळावी म्हणून मुलाला आपण उचलून घेतले आणि तिलाच दारात बोलावले, तर अधिकच उत्तम.